पॅड बांधून बसलेला मुलगा



सांताक्रूझच्या या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला नेमून दिलेला विषय 'शालेय खेळातील अपयश आणि मुलांचे मनोधैर्य' असा आहे. आणि अशा विषयावर बोलणाऱ्याने जाळे विणणाऱ्या कोळ्याचा दाखला देऊन, अपयश ही यशाची पहिली पायरी होय असे दोनतीनदा बजावून, सभा चहापर्यंत सुखरूप पोहोचवावी, असा आपल्याकडे प्रघात आहे. तो मोडल्याबद्दल क्षमा असावी. मैदानांच्या कडेला उभे राहण्यात ज्याची हयात गेली अशा माझ्यासारख्या माणसाचे मत असे, की अपयश स्वभावतः कोणालाही काही शिकवीत नाही. पुष्कळ मुलांना ते मैदानापासून कायमचे तोडते. आणि तुटलेल्यांची नोंद ठेवणारे दप्तर कोठेही नसल्यामुळे सावरलेल्यांच्याच कथा तेवढ्या आपल्या कानी येतात.

मुंबईच्या शालेय क्रिकेटमधील हॅरिस शील्ड स्पर्धेचा फेब्रुवारी १९८८ मधील तो उपान्त्य सामना या सभागृहातील निम्म्या मंडळींना तोंडपाठ असेल. आझाद मैदान, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. दोन बाद ८४ असताना जमलेली सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची जोडी, तिची ६६४ धावांची अभंग भागी, आणि अखेर दोन बाद ७४८ वर घोषित झालेला डाव. या पराक्रमाचे पोवाडे भरपूर गाऊन झाले आहेत. मला बोलायचे आहे ते त्याच मैदानावरील दुसऱ्या दोन मुलांविषयी.

पहिला मुलगा गोलंदाजी करीत होता. सत्तावीस षटके, १८२ धावा, बळी एकही नाही. असे आकडे घेऊन घरी जाणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला रात्री जेवण कसे गेले असेल, याची कल्पना ज्याने त्याने करावी. त्याचे नाव साईराज बहुतुले. पुढे दोनच वर्षांत मोटार-अपघातात त्याचा पाय असा जायबंदी झाला, की त्यात लोखंडी सळई घालावी लागली. आणि तरीही हा मुलगा मुंबईकडून रणजी खेळला, प्रथम श्रेणीत त्याने सहाशेहून अधिक बळी मिळवले, आणि २००१ साली त्याला कसोटीची टोपी मिळाली. त्या १८२ धावांनी त्याला लेगस्पिन शिकवली, असे कोणी म्हणेल तर मी ते मानणार नाही. त्या धावांपायी कोणी त्याचे नाव खारीज केले नाही, पुढच्या मोसमात चेंडू पुन्हा त्याच्या हाती आला, हे मला अधिक मोलाचे वाटते.

दुसरा मुलगा नुसता बसून होता. तेरा वर्षांचा अमोल मुजुमदार, पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून. आणि ती जोडी फुटलीच नाही.

पॅड बांधून बसणे म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. माझ्या शाळकरी वयात एका आंतरशालेय सामन्यात मी सबंध दुपार तसा बसलो होतो. त्या काळच्या पॅडांना चामड्याच्या पट्ट्या आणि धातूची बकले असत. पोटरीवर त्यांचे वळ उठत आणि घामाने ते चुरचुरत. अखेर पाळी आली आणि पहिल्याच चेंडूवर मी पायचीत झालो. चर्चगेटहून सांताक्रूझपर्यंत, बॅट गुडघ्यांत धरून, मी गाडीच्या खिडकीबाहेर पाहत आलो. बाजूच्या मित्राने दिलेले चणे मुठीतच राहिले. दुसऱ्या दिवशी आमच्या सरांनी यादीतील माझ्या नावावर लाल पेन्सिलीची रेघ ओढली. कैफियत मांडायला मुदतही मिळाली नाही. मी पुन्हा कधी खेळलो नाही. त्या शून्याने मला एकच विद्या दिली: चूक होऊ नये म्हणून पुढे व्हायचेच नाही, आणि ती विसरण्यात माझ्या नोकरीची पहिली दहा वर्षे गेली.

मुजुमदारची कथा निराळी झाली, कारण त्याला पाळी मिळत गेली. रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६०, आणि निवृत्तीपर्यंत प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा. तरी भारताच्या मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण अशी मातब्बर मंडळी ठाण मांडून बसलेली असताना त्याच्यासाठी दार उघडले नाही ते नाहीच. प्रशिक्षक आचरेकर सरांच्या एकाच छत्राखाली वाढलेल्या तेंडुलकर, कांबळी आणि मुजुमदार या तिघांचा हिशेब पाहा: एकाच्या वाट्याला दोनशे कसोट्या, दुसऱ्याच्या सतरा, तिसऱ्याच्या शून्य. गुणांचे माप म्हणून हा हिशेब कोणी पुढे केला तर तो मला मान्य नाही.

हाच मुजुमदार २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक झाला. २०२५ च्या विश्वचषकात त्या संघाने लागोपाठ तीन सामने गमावले. स्पर्धा बाद पद्धतीची असती तर विशाखापट्टणमलाच गाशा गुंडाळावा लागला असता. साखळी पद्धतीची होती म्हणून संघ टिकला. आणि २ नोव्हेंबरला, आपल्यापासून खाडीपल्याड नेरूळला, ज्या दक्षिण आफ्रिकेने त्या तीन पराभवांतला पहिला दिला होता, तिलाच ५२ धावांनी हरवून विश्वविजेता झाला. तेथे मुजुमदारने काय उपदेश केला याची चर्चा वृत्तपत्रांनी यथेच्छ केली. माझे लक्ष मात्र त्या वेळापत्रकावर खिळून राहिले आहे.

याच्या उलट उदाहरणही आपल्या वेशीतलेच आहे. पृथ्वी शॉ काही काळ आपल्या वाकोल्यात राहिला. २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ५४६, २०१८ मध्ये कसोटी पदार्पणात शतक. आणि पुढे मुंबईच्या रणजी संघातूनही वगळले जाणे. त्याच्यावर तोंडसुख घेणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतला नव्हे. ज्याला आपण चौदाव्या वर्षी खांद्यावर मिरवले, त्याला लहानसहान पराभव पचविण्याची सवय कोणी आणि कधी लावायची होती?

सुनील गावसकर रणजीच्या पहिल्या सामन्यात शून्यावर बाद झाले, मामा निवड समितीत म्हणून टोमणेही खाल्ले, आणि पुढच्याच सामन्यात त्यांनी शतक काढले. 'पुढच्याच सामन्यात' हे शब्द कृपा करून ध्यानात घ्या. आपल्या शाळांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत सोमवारी शून्यावर बाद झालेल्या मुलाचा संघही हरला, तर त्याची पुढची पाळी वर्षाने येते. आणि तोवर त्याच्या शून्याचा पंचनामा घरी, वर्गात आणि सोसायटीच्या जिन्यात चालूच असतो. वर्षभर वाट पाहायला लावून धैर्याची अपेक्षा करणे हा अन्याय आहे.

या सभेला आपल्या भागातील तीन शाळांचे मुख्याध्यापक उपस्थित आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच, की यंदा पहिल्या फेरीत हरलेल्या संघांचा आपसांतील सामना त्याच आठवड्यात लावावा. करंडक नको, पाहुणे नकोत, भाषण तर नकोच. चेंडूंचा आणि लिंबू-सरबताचा खर्च मी देतो. तारीख तेवढी आज सभा बरखास्त होण्यापूर्वी ठरवावी.