परिसर अभ्यास परिसरातच व्हावा



प्राथमिक शाळेतील सर्वांत उपेक्षित विषय कोणता, असे विचारले तर उत्तर एकच येईल : इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र. गणितासाठी शिकवणी लावली जाते, इंग्रजीसाठी शाळा बदलली जाते. समाजशास्त्राची मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री प्रश्नोत्तरे घोकून घेतली जातात. ज्या विषयाने मुलाचे समाजाशी नाते जुळायचे, त्याचाच त्याला कंटाळा येतो. या कंटाळ्याची किंमत गुणपत्रिकेत दिसत नाही. ती पुढे समाजाला मोजावी लागते.

यावरचा उपाय नवा नाही. हाताला काम आणि डोळ्यांसमोर परिसर, हे सूत्र वर्ध्याच्या नई तालीमने १९३७ साली मांडले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम आरंभले, पुढे कोसबाडला नेले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर भरवली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमाने कृती, शोध आणि स्वतःचा अनुभव यांतून शिकणे हे धोरण म्हणून स्वीकारले. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक तर बालभारती जिल्हानिहाय काढत आली आहे. परवानगीची वाण नाही; वाण आहे ती वर्गाबाहेर पाऊल टाकण्याची.

हिंगोली जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला, पाच तालुक्यांचा हा लहानसा जिल्हा. पण शिकवण्यासारखे येथे काय नाही?

भूगोलाचा पहिला पाठ पावसाच्या थेंबापासून सुरू व्हावा. नर्सीला कयाधूत पडलेला थेंब पैनगंगेला मिळतो, तेथून वर्धा, मग प्राणहिता आणि अखेर गोदावरी. सिद्धेश्वर धरणातले पूर्णेचे पाणीही गोदावरीलाच जाते, पण निराळ्या वाटेने. मुलांनी अंगणातल्या मातीत काठीने या दोन्ही वाटा कोराव्यात आणि तांब्याने पाणी सोडून पाहावे. खोरे म्हणजे काय, याची व्याख्या मग पाठ करावी लागत नाही.

दुसरा पाठ औंढ्याचा. मुलांनी होकायंत्र घेऊन मंदिराचा आराखडा काढावा, दिशा लिहाव्यात, नंदी कोठे आहे हे टिपावे. तो मागल्या बाजूस आढळेल. नामदेवांसाठी देऊळ फिरले, ही आख्यायिका मग शिक्षकांनी सांगावी. डोळ्यांनी पाहिले ते कोणते, आणि श्रद्धेने पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले ते कोणते, हे दोन रकान्यांत लिहिले की मुलाची श्रद्धा दुखावत नाही आणि बुद्धीही झोपत नाही. नामदेवांचे जन्मगाव नर्सी की पंढरपूर, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तेही मुलांपासून लपवू नये. नर्सीहून पंजाबातील घुमानपर्यंत नकाशावर रेघ ओढावी आणि नामदेवांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात कशी पोहोचली, हा प्रश्न वर्गासमोर ठेवावा. राष्ट्रीय एकात्मतेवरील निबंधापेक्षा ती रेघ अधिक शिकवील.

तिसरा पाठ घरातला. हळद लावण्यापासून काढणे, शिजवणे, वाळवणे आणि बाजारात नेण्यापर्यंत कोणाकोणाचे हात लागतात, याची यादी प्रत्येकाने घरी विचारून आणावी. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ऊसतोडीला आईवडिलांबरोबर गेलेले मूल परतते तेव्हा हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा असतात. पण मुकादम, उचल, कोयता, कारखाना आणि वाटेतली गावे हे सारे त्याने पाहिलेले असते. समाजशास्त्राच्या तासाला सर्वांत अधिक माहिती त्याच्याजवळ असते. त्याने फळ्याजवळ उभे राहून आपला प्रवास नकाशावर दाखवावा, अशी संधी शाळा देते काय? समरसतेची परीक्षा भाषणांत होत नाही. ती अशा तासाला होते.

चौथा पाठ मात्र वाट पाहणार नाही. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. स्वामी रामानंद तीर्थांसारख्या, मुळात शिक्षक असलेल्या नेत्याच्या मार्गदर्शनाखाली येथली जनता लढली आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान शरण आले. वसमतच्या महाविद्यालयाच्या नावात बहिर्जी आहेत. ते कोण, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते? त्या काळी दहा वर्षांचे असलेले आजोबा-आजी आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. एकेका घरातून एकेक साक्ष कायमची मिटते आहे.

पाचवीच्या मुलांना हे काम सहज जमेल. पाचपाचांचे गट करावेत : एकाने विचारावे, दुसऱ्याने लिहावे, तिसऱ्याने चित्र काढावे, चौथ्याने नावे आणि गावे तपासावीत, पाचव्याने वर्गात सांगावे. प्रश्न साधे असावेत. त्या दिवसांत घरात काय खाल्ले? शाळेत कोणती भाषा होती? कोण लपले, कोणी आसरा दिला? उत्तर शिक्षकांनी सुचवू नये. एकच प्रसंग तिघांकडून ऐकावा. जेथे जुळत नाही, तेथे तसेच लिहावे. रझाकारांचे अत्याचार सांगितले जातील, ते दडपू नयेत. शेजाऱ्याने शेजाऱ्याला वाचवल्याची हकिकत निघाली, तर तीही गाळू नये. सत्य अर्धे सांगून संस्कार होत नाहीत.

अभ्यासक्रम केव्हा पूर्ण करायचा, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. पण एका सत्रात एकच भेट, तिच्याआधी एक तास तयारीला आणि नंतर दोन तास मांडणीला, एवढे पुरे. जे प्रकरण असे शिकले जाईल, ते पुन्हा घोकावे लागणार नाही. पालकांनीही वहीतील उत्तरे तपासण्याऐवजी आज काय पाहिलेस, हे विचारावे. सुटीच्या दिवशी संस्कारवर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्यांना तर घंटेचे बंधनही नाही.

येत्या १७ सप्टेंबरला प्रत्येक शाळेत ध्वजवंदन होईल, भाषणे होतील. त्यापूर्वी गावातील एका वृद्धाच्या ओसरीवर पाच मुले वही घेऊन बसली, आणि त्या दिवशी भाषणाऐवजी ती वही वाचली गेली, तर मुक्तिसंग्रामाचा इतिहास गावाला गावाकडूनच मिळेल. तेवढे प्रत्येकाने आपापल्या गावी करावे, ही विनंती.