लॅबला नवे प्रोसेसर कशाला?



शाळेच्या कॉम्प्युटर लॅबसाठी आपण वर्गणी काढतोय. 'तू सॉफ्टवेअरवाली, तूच सांग कोणता प्रोसेसर घ्यायचा,' असं सगळे मला विचारताहेत. माझं उत्तर काहींना आवडणार नाही. आहेत तेच ठेवा.

मुलं तिथे करतात काय? मराठी टायपिंग, स्क्रॅच, थोडं एक्सेल, इंटरनेट. यात प्रोसेसर बहुतेक वेळ नुसता वाट बघत बसतो. कधी मुलांच्या बोटांची, कधी नेटची आणि मशीन सुरू होताना हार्ड डिस्कची. फिरत्या तबकडीवरची एक नोंद शोधायला साधारण 10 मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात 3 गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे 3 कोटी ठोके पडून जातात! एसएसडीला त्याच कामाला एक मिलिसेकंदही लागत नाही. तेव्हा एसएसडी बसवा आणि 4 जीबी रॅमची 8 करा.

खरी अडचण वेगळीच आहे. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 च्या यादीत इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर नाहीत. आपली मशीन 2015 ची. धडधाकट आहेत, पण यादीबाहेर. त्यांवर लिनक्स चालतं; दोन रविवार येऊन मी ते टाकून देईन. स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओ एडिटिंगसाठी हवं तर एक तगडं मशीन घ्या, तिथे वेग खरंच लागतो.

उरलेल्या पैशांत इन्व्हर्टर घ्या. लॅबचा तास दुपारी असतो आणि वीजही दुपारीच जाते.