भिरंडाचे मोल

वैशाख सरत आला की गोव्यातील कुळागरांत भिरंडाची, म्हणजेच कोकमाची, झाडे लाल फळांनी लगडतात. आणि त्याच सुमारास आकाशात ढगही जमू लागतात. कोकमाच्या घरगुती उद्योगाची बरीचशी अडचण या एका योगात आहे.

फळ फोडावे, गर व बी वेगळे काढावे, गराच्या रसात मीठ घालून त्यात साल बुडवावी, उन्हात वाळवावी, पुन्हा बुडवावी, पुन्हा वाळवावी. असे काही दिवस चालले म्हणजे काळसर, मऊ सोल तयार होते. यास यंत्र लागत नाही. मीठ, ऊन आणि सवड लागते. परंतु पावसाची सर दोन दिवस आधी आली की सालीला बुरशी येते आणि घरातील बायकांचे श्रम वाया जातात. या धास्तीने पुष्कळदा अर्धवट सुकलेला मालच व्यापाऱ्याच्या हवाली होतो. भाव तोच ठरवतो. त्याला सर्वस्वी दोष देणेही न्यायाचे नव्हे, कारण माल कुजण्याची जोखीम तो पत्करतो. तथापि पावसाळ्याच्या तोंडावर छपराची डागडुजी, बियाणे, मुलांची पुस्तके हे खर्च एकदम उभे राहतात, आणि ज्याला पैसा आजच हवा त्याने भावासाठी थांबावे कसे?

ढगाळ दिवसांना एक तोड जुन्या गृहिणींना ठाऊक आहे. ताज्या साली मीठ लावून बरणीत ठेवाव्यात, रोज हलवाव्यात. सुटलेला रस गाळला की आगळ झाले. त्याला उन्हाची गरज नाही. बीही टाकण्याजोगे नसते. ते वाळवून, फोडून, आतील मगज कुटून पाण्यात उकळला की तेल वर येते आणि थंड होताच थिजते. मुठीत वळलेले हेच मुठेल भेगाळलेल्या टाचांना लावतात. सौंदर्यप्रसाधनांतही ते वापरले जाते.

उरतो प्रश्न थांबण्याच्या ऐपतीचा. 2020 साली केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी जी योजना आखली, तीत स्वयंसाहाय्य गटातील प्रत्येक सभासदास खेळते भांडवल व लहान अवजारे यांसाठी 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद होती. अशा रकमेतून वाळवणावर पारदर्शक छप्पर येते, मीठ आणि बाटल्या आधी घेता येतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मे महिन्यात दारी आलेल्या व्यापाऱ्याला, सोले पुरती वाळल्यावर या, असे सांगता येते.