करमणुकीचा खर्च आणि क्रेडिट कार्ड

नाटक-सिनेमाचा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाच्या जमाखर्चात बहुधा किरकोळ खात्यात पडतो. किराणा, दूध, मुलांची फी यांची नोंद कसोशीने ठेवणारा गृहस्थही, महिन्याकाठी तिकिटांवर किती रुपये गेले असे विचारल्यास क्षणभर घुटमळतो. नेमक्या याच बेहिशेबी खात्याकडे बँकांची दृष्टी वळलेली आहे. एका तिकिटावर दुसरे मोफत, खर्चाचे अमुक टक्के परत, अशी प्रलोभने दाखविणारी क्रेडिट कार्डे आज पुष्कळ आहेत. त्यांतून एकाची निवड करावयाची ती कोणत्या कसोटीवर?

वस्तुतः अशा कार्डाचा आरंभच मौजेच्या खर्चातून झाला. १९५० साली न्यूयॉर्क येथे निघालेले डायनर्स क्लबचे कार्ड मुख्यतः उपाहारगृहांतील जेवणासाठी होते. त्याचे देणे मात्र महिन्याचे महिन्याला पुरते फेडावे लागे. थकबाकी व्याजाने पुढे ओढण्याची सवलत मागाहून आली, आणि खरी मेख तेथेच आहे.

पुण्यातील एखाद्या कुटुंबाचा करमणुकीचा खर्च दरमहा १,५०० रुपये आहे व कार्ड त्यावर दहा टक्के परत देते, असे समजावे. वर्षाचे १,८०० रुपये सुटले, या आनंदात अर्जावर सही होते. परंतु बारीक अक्षरांत परताव्याची मर्यादा महिन्याला १०० रुपये घातलेली असते; म्हणजे हाती येणार १,२००. कार्डाची वार्षिक फी १,००० रुपये व तीवर १८ टक्के जीएसटी धरल्यास १,१८० रुपये जातात. उरले २०! मध्यंतरात दोघांचा बटाटेवडाही त्यात व्हावयाचा नाही. अमुक लाख खर्च केल्यास फी माफ, असेही आश्वासन असते. पण त्या आकड्याशी पोहोचण्यासाठी नको ती खरेदी करणे याला काटकसर कोण म्हणेल?

याहून गंभीर गोष्ट व्याजाची. अनेक कार्डांवर ते दरमहा तीन ते पावणेचार टक्के असते. २०,००० रुपयांचे बिल एक महिना थकले, तर साडेतीन टक्क्यांनी ७०० रुपये व्याज आणि त्यावर १२६ रुपये जीएसटी. आठ महिन्यांचा परतावा एका फटक्यात गेला. शिवाय बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही सामान्यतः सुटते, आणि शनिवारी काढलेल्या तिकिटावर शनिवारपासूनच व्याज चढू लागते. बिलावर छापलेली ‘किमान देय रक्कम’ भरल्याने दंड टळतो, व्याज टळत नाही. ज्या घरी पूर्ण बिल मुदतीत भरले जाण्याची खात्री नाही, त्या घराने परताव्याच्या टक्क्यांची तुलना करण्यात वेळ दवडू नये.

खात्री असल्यास मागील सहा महिन्यांचा खरा खर्च कागदावर मांडावा. कार्डाच्या दृष्टीने ‘करमणूक’ म्हणजे काय, हे दुकानाला दिलेल्या चार अंकी संकेतांकावरून ठरते. चित्रपटगृहांचा संकेतांक ७८३२. नाट्यप्रयोग व तिकीटविक्री यांचा ७९२२. मोबाइलच्या रिचार्जमधून आलेली ओटीटीची वर्गणी बँकेच्या लेखी दूरध्वनीचे बिल ठरण्याचा संभव असतो. मोफत तिकिटाची सवलतही बहुधा एखाद्याच तिकीटविक्रेत्यापुरती असते. त्याचे सेवाशुल्क वेगळे पडते. रंगमंदिराच्या खिडकीवर रोख पैसे देऊन नाटकाचे तिकीट काढणाऱ्या कुटुंबाला तिचा उपयोग तो काय?

घेतलेले कार्ड निरुपयोगी ठरल्यास ते बंद करण्यास संकोच नसावा. सर्व देणे चुकते करून लेखी विनंती केल्यास, रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे; पुढील विलंबासाठी दर दिवशी ५०० रुपये ग्राहकास द्यावे लागतात.