पुरातून निघालेली गिटार



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'छंद' या विषयावर बोल म्हणून सांगितलंय. छंदावर बोलायला लागलं की माणूस स्वतःचंच कौतुक करत सुटतो आणि ऐकणारे घड्याळाकडे बघतात. म्हणून मी एका वस्तूबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी ती पाहिलेली आहे. नववीच्या गॅदरिंगला 'ब' तुकडीतल्या एका पठ्ठ्यानं स्टेजवर गिटार वाजवली होती, आठवतंय? 'यादों की बारात'मधल्या त्या गाण्याच्या सुरुवातीला ग्लासवर टिचकी हवी म्हणून शिपाईमामांच्या चहाचा ग्लास आणला होता, तीच ती गिटार. वाजवणाऱ्याचं नाव घेत नाही. तो दुसऱ्या रांगेत बसलाय आणि त्याला ते आवडणार नाही.

कलकत्त्याच्या बनावटीची ती गिटार त्याच्या मामानं मुंबईहून रातराणी एसटीनं, मांडीवर ठेवून आणली होती. मालकाचे नियम कडक. हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही, बोटातली अंगठी काढायची, वाजवून झालं की प्रत्येक तार मलमलच्या फडक्यानं पुसायची. घाम राहिला की तारेला गंज चढतो, आणि आपल्याकडच्या पावसात तर आठवड्यात चढतो. खंडेनवमीला तिच्यावर झेंडूचं फूल असायचं. आपल्याकडे वाद्याला पाय लागला तर नमस्कार करतात, तंबोरा ओलांडत नाहीत. कलकत्त्याच्या प्लायवूडच्या गिटारलाही त्यानं तोच मान दिला.

मला स्वतःला वाद्य जपणाऱ्यांच्या गोष्टी वाचायचा नाद आहे. विली नेल्सन हा अमेरिकन गायक १९६९ सालापासून मार्टिन कंपनीची एकच गिटार वाजवतोय. तिचं नाव ट्रिगर. ती मुळात बोटांनी वाजवायची. नखीचा मार झेलायला तिच्या फळीवर पट्टी नाही. हा नखीनंच वाजवतो. घासून घासून फळीला दुसरं भोक पडलंय. तरी ती फेकली नाही, पुन्हा नवीही करून घेतली नाही. टेक्सासातला एक कारागीर तिची देखभाल करतो, ती वाजती राहील एवढंच बघतो. त्याच्या घराला आग लागली तेव्हा नेल्सननं आत जाऊन ट्रिगर बाहेर काढली. गिटारबरोबर आणखी एक चीज काढली, पण तिचं नाव गुरुजनांसमोर घेत नाही.

बी. बी. किंगची गोष्ट मला जास्त पटते. १९४९ साली आर्कान्सातल्या ट्विस्ट गावी एका नाचघरात तो वाजवत होता. ऊब यावी म्हणून मध्ये रॉकेल पेटवलेलं पिंप ठेवलेलं. दोघांची मारामारी झाली, पिंप कलंडलं, घर पेटलं. किंग बाहेर पडला आणि गिटार राहिली म्हणून परत आत धावला. जीव थोडक्यात वाचला. मारामारी ल्युसिल नावाच्या बाईवरून झाली होती, हे त्याला मागाहून कळलं. त्यानं गिटारचं नाव ल्युसिल ठेवलं, आणि पुढच्या प्रत्येक गिटारचंही तेच. कशासाठी? असा मूर्खपणा पुन्हा करायचा नाही याची आठवण राहावी म्हणून. लोक ते नाव प्रेमाचं समजतात. ती खरं म्हणजे त्यानं स्वतःला दिलेली ताकीद आहे.

हे सांगण्याचं कारण आहे. २०१८ साली आपल्या मित्राला अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला. गिटारमध्ये डाव्या हातानं सूर दाबायचे असतात. वहिनी गिटार घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भावजी, ही समोर दिसली की हे दिवसभर बोलत नाहीत. तुम्ही ठेवा. पण वाजवत राहा."

मी वाजवत राहिलो. आणि २२ जुलै २०२१ उजाडला. चिपळूणकरांना त्या दिवसाचं वर्णन नको. बाहेरगावच्यांना एवढंच सांगतो की वाशिष्ठीचं पाणी अंधारातच घरात शिरलं आणि बघता बघता खिडकीच्या वर गेलं. आईला पाठीवर घेतलं, औषधांची पिशवी आणि कागदपत्रं घेतली आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेलो. गिटार कपाटावर राहिली. ती आणायला मी परत फिरलो नाही, आणि त्याबद्दल मला एक दिवसही रुखरुख वाटलेली नाही.

पाणी उतरल्यावर ती स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीखाली सापडली. आत चिखल. घोडी निघून आलेली, पाठीची फळी फुगून तिचे थर सुटलेले, पुढची फळी एका बाजूनं उघडी. पहिलं काम केलं ते तारा सैल करायचं. सहा पोलादी तारा सुरात लावल्या की सगळ्यांचा मिळून साधारण सत्तर किलोंचा ताण असतो. तो ताण भिजलेलं लाकूड सहन करत नाही. मग स्वच्छ पाण्यानं चिखल काढला आणि सावलीत, वर्तमानपत्रांवर, नुसती ठेवून दिली. ऊन नाही, पंखासुद्धा नाही. लाकूड घाईनं वाळलं की फाटतं.

मित्राला फोन केला आणि जसं आहे तसं सांगितलं. त्याचं बोलणं आता जरा अडखळतं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग विचारलं, "तुझी आई बरी आहे ना?" गिटारचा विषय त्यानं काढलाच नाही. त्यामुळे मला ती दुरुस्त करणं भाग पडलं.

मुंबईच्या कारागिराला फोटो पाठवले. तो म्हणाला, हिच्यावर खर्च करण्यापेक्षा नवी घ्या. हिशेबानं त्याचं बरोबर होतं. मग मला आपला सुतार आठवला. कार्यानुभवाच्या तासाला सगळ्या वर्गाचे पाट एकटा करून द्यायचा तो. त्याच्या स्वतःच्या कारखान्यात कमरेएवढा गाळ होता, यंत्रं गेली होती. तरी तो आला. गिटार उलटसुलट केली, सांध्यावर नख फिरवलं आणि म्हणाला, "सरसानं जोडलेली आहे म्हणून वाचली." सरस पाण्यानं सुटतो, पण सुटताना लाकूड फाडत नाही. हल्लीच्या पक्क्या गोंदानं जोडलेली असती तर सांध्याऐवजी फळीच फाटली असती.

पाठीची फळी मात्र गेली होती. त्यानं पुरात मोडलेल्या माझ्याच घराच्या दाराची सागवानी फळी घेतली आणि रंध्यानं तीन मिलिमीटरवर आणली. मी त्याला 'क्वीन'च्या ब्रायन मेची गोष्ट सांगितली. त्यानं आणि त्याच्या वडिलांनी १९६३ साली घरीच गिटार बनवायला घेतली, तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची. किड्यांनी पाडलेली भोकं आगकाड्यांनी बुजवली आणि मानेवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं घेतली. तीच गिटार घेऊन तो जगभर फिरला. आपला सुतार ऐकून म्हणाला, "मग त्यात काय? लाकूड वाळलेलं असलं की झालं."

एका बाबतीत आमचं वाजलं. पुढच्या फळीवर, नादाच्या भोकाच्या खाली, मित्राच्या नखांनी पॉलिश गेलेला एक पट्टा आहे. सुताराचं म्हणणं, सगळं घासून नवं पॉलिश मारतो. मी नको म्हटलं. रोरी गॅलाघर या आयरिश वादकाची गिटार चोरीला गेली आणि खंदकात भिजलेली सापडली. पुढे घामानं तिचा बहुतेक रंग उडाला, पण त्यानं ती पुन्हा रंगवली नाही. सुताराला गॅलाघरशी कर्तव्य नव्हतं. अर्धवट काम केलं असं लोक म्हणतील, ही त्याची काळजी. शेवटी ठरलं की पाठ त्याची, पुढचा भाग मित्राचा. पाठीला त्यानं आरशासारखं पॉलिश केलंय.

जोडलेल्या गिटारला पूर्ण ताण देववेना. म्हणून तीन तारा उतरवून मोकळा सूर लावला, ज्यात काहीही न दाबता सहा तारा छेडल्या की एक स्वरमेळ वाजतो. हे गिटारच्या तब्येतीसाठी केलं होतं. मित्राकडे घेऊन गेलो, खुर्चीजवळ ठेवली, आणि वहिनी चहा टाकत होत्या तेवढ्यात त्यानं उजव्या हाताचा अंगठा सहाही तारांवरून फिरवला. स्वरमेळ पूर्ण वाजला. तो माझ्याकडे बघत राहिला, परत वाजवला. नंतर म्हणाला, "सागामुळे जरा जड वाजते." मी म्हटलं, दार होतं ते. तेव्हापासून ती त्याच्याकडे आहे. नियम परत सुरू झालेत.

आज ती इथे आणली आहे, स्टेजच्या उजवीकडे टेबलावर. मध्यंतरात बघायची असेल तर जरूर बघा, वाजवाही. मालकानं निरोप दिलाय, बटाटेवड्याचे हात आधी धुवा आणि अंगठ्या काढा. फडकं टेबलावरच ठेवलंय.