यंत्राखालच्या रिकाम्या जागा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



माझा व्यवसाय संगणक दुरुस्तीचा, त्यामुळे बोलायला उभं केलंत तर यंत्रांवरच बोलणार!

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ प्रकल्पात देशातल्या सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले. आपली शाळा त्यांपैकी एक. त्याची मेमरी फक्त ३२ किलोबाइट. आपल्या ग्रुपवर रोज येणारं ‘शुभ सकाळ’चं चित्रसुद्धा तिच्यात मावणार नाही.

पण अकॉर्न कंपनीने त्या यंत्रात वाढायला जागा ठेवली होती. झाकण उघडलं की चिप बसवायच्या खाचा दिसत. एकीत बेसिक भाषा, बाकीच्यांत हवी ती भर घाला. यंत्राच्या खालच्या बाजूला जोडण्यांची रांग होती. त्यांतल्या ‘युजर पोर्ट’ला तारा जोडून विज्ञानाच्या सरांनी आपल्याकडून लाल-पिवळा-हिरवा सिग्नल करून घेतला होता. आपण लिहिलेल्या ओळींनी खरा दिवा लागतो, हे तेव्हा कळलं. माझ्या धंद्याचं मूळ तिथेच आहे.

त्याच रांगेतल्या ‘ट्यूब’ जोडणीला आपण कधी हात लावला नाही. ती दुसरा प्रोसेसर जोडण्यासाठी होती. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी रचलेला आर्म प्रोसेसर १९८५ मध्ये चालू झाला आणि पहिल्यांदा वापरात आला तो याच ट्यूबला जोडून. आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे.

आता शाळेत नवे संगणक आहेत, पण मुलांना ते उघडायची परवानगी नाही. महागड्या वस्तूंची काळजी मी समजू शकतो. म्हणून आपल्या बॅचतर्फे एक टेबल द्यावं असं सुचवतो: काही मायक्रोबिट, तारा, दिवे, छोट्या मोटारी. या तळहाताएवढ्या पट्टीतही आर्मच आहे आणि कडेला तारा जोडायची सोय आहे. दर शनिवारी दोन तास मी येईन.

आणखी एक विनंती. जडसंग्रह नोंदवहीतला आपला जुना बीबीसी मायक्रो या वर्षी भंगारात निघणार, असं कळलं. मुख्याध्यापकांनी तो राखून ठेवावा. मात्र कुणी हौसेने लगेच प्लगला लावू नका; पॉवर सप्लायमधले जुने कपॅसिटर तडकून धूर काढतात. ते मी बदलून देतो. मग तो त्या टेबलावर ठेवू, झाकण उघडं ठेवून.