एक प्यादे आणि सात प्यादी



कामगार चळवळीतल्या माणसाने बुद्धिबळाच्या चित्रपटावर काय बोलावे, अशी शंका आपल्यापैकी पुष्कळांना आली असेल. पण या चित्रपटात डावापेक्षा पोटाचा प्रश्न मोठा आहे, आणि त्या प्रश्नाशी आमची ओळख जुनी आहे.

चित्रपटाचे नाव ‘क्वीन ऑफ काट्वे’. मीरा नायर यांनी तो २०१६ साली काढला. १९८८ साली मुंबईच्या रस्त्यावरच्या मुलांवर ‘सलाम बॉम्बे’ काढणाऱ्या त्याच या बाई. काट्वे ही युगांडाच्या राजधानीतली, कंपालातली, गरिबांची वस्ती. तिथल्या फियोना मुटेसी या मुलीची ही खरी हकीकत आहे. बाप लहानपणीच गेलेला, फीअभावी शाळा सुटलेली, आणि पोर रस्त्यावर मका विकते आहे. भावामागून ती एका पडवीत जाते. तिथे रॉबर्ट काटेंडे हा तरुण मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि वाटीभर पेज देतो. ही मुलगी पुढे २०१० साली सायबेरियातल्या ऑलिंपियाडमध्ये देशासाठी खेळली आणि २०१२ साली इस्तंबूलला तिने किताब मिळवला.

असा चित्रपट पाहून आपण डोळे पुसतो आणि म्हणतो, “अंगी गुण असला की माणूस वर येतोच.” श्रोतेहो, हे वाक्य आम्ही आयुष्यभर ऐकत आलो. पगारवाढ मागितली की हेच ऐकवतात. म्हणून ते तपासून पाहू.

फियोना वर आली ती कशाच्या बळावर? मुले पहिल्यांदा आली ती डावासाठी नव्हे, पेजेसाठी. सोंगट्यांच्या चाली तिला शिकवल्या तिच्याहून लहान मुलीने. बड्या शाळेतल्या स्पर्धेत या मुलांना कोणी घेईना, तेव्हा काटेंडे हटून बसला. रात्री पुस्तक वाचायला रॉकेल हवे, म्हणून आईने जपून ठेवलेले वस्त्र विकले. पेज, गुरू, फी, रॉकेल. यांतली एक गोष्ट वजा करा, आणि गुण तिथेच मक्याच्या टोपलीत राहिला असता.

याचा पुरावा चित्रपटातच आहे. फियोनाला एक थोरली बहीण आहे. तेच घर, तीच आई, तीच उपासमार. पण तिच्या वाट्याला पट आला नाही. ती मोटारसायकलवाल्या पुरुषाच्या आधाराने घराबाहेर पडते आणि पोटुशी होऊन परत येते. तिच्या अंगी काय गुण होता? कुणी विचारलेच नाही. टाळ्या एकीला पडतात, आणि दुसरी चित्रपटगृहाच्या दारातच विसरली जाते.

पटावर प्यादी आठ असतात. प्यादे मागे फिरू शकत नाही, एकटे पुढे धावले तर मारले जाते. पण दुसरे प्यादे तिरपे मागे उभे असले की हत्तीही त्याला हात लावताना विचार करतो. शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा आपल्याकडे वजीर होतो, इंग्रजीत राणी होते. काट्वेच्या मुलीला त्या ‘राणी’चे अप्रूप वाटले, ते योग्यच. पण त्या प्याद्यामागे कोण उभे होते, हे डाव मांडणाऱ्याने विसरू नये. संघटना याहून वेगळे काय सांगते?

चित्रपट वाईट आहे, असे आम्ही म्हणत नाही. उलट तो प्रामाणिक आहे. सायबेरियात मुलगी हरते, रडते, हे तो लपवत नाही. आईला तो दयेचा विषय करत नाही, ती ताठ मानेने उभी आहे. आणि अखेरीस खरी माणसे नटांच्या शेजारी येऊन उभी राहतात, तेव्हा ही गोष्ट कुणी रचलेली नाही, हे उमजते.

आमचे म्हणणे एवढेच. प्रतिभा कुठे उगवेल हे कुणाच्या हाती नाही. पेज, दिवा आणि फी मात्र माणसांच्या हातची आहे. ती एका काटेंडेच्या भलेपणावर सोडायची, की गावाने हक्क म्हणून मुलांना द्यायची, हा खरा प्रश्न आहे. आपल्या गावातली कोणती मुले दुपारी शाळेत नसतात, आणि का, याची यादी ज्या दिवशी आपण करू, त्या दिवशी हा चित्रपट आपल्याला कळला असे आम्ही म्हणू.